वेष्टनांचा आठवडा



श्रुतपंचमी आली की आपण सगळ्याजणी षट्खंडागमाची गोष्ट सांगतो. गिरनारची चंद्रगुफा, धरसेनाचार्यांच्या स्वप्नातले दोन पांढरे बैल, मग पुष्पदंत आणि भूतबली, एकाला दिलेल्या मंत्रात अक्षर कमी आणि दुसऱ्याच्या मंत्रात जास्त. पाठशाळेतल्या लहान मुलांनाही ही गोष्ट पाठ असते, म्हणून मी ती पुन्हा सांगत बसत नाही. मला यंदा लिहायचंय ते ग्रंथाभोवती गुंडाळलेल्या कापडाबद्दल.

झालं असं, की आमच्या मंदिरातल्या हस्तलिखितांचे फोटो काढून संगणकात घालायचं काम या उन्हाळ्यात पुरं झालं. चांगलंच काम झालं. त्यानंतर कमिटीनं ठरवलं की सगळ्या पोथ्यांना एकसारखी नवी वेष्टनं करायची, नव्या यादीप्रमाणे नवे नंबर द्यायचे आणि जुनी वेष्टनं काढून टाकायची. शिवण्याचं काम माझ्याकडे आलं. चौतीस वेष्टनं आणि हातात एक आठवडा, वैशाख वद्य चतुर्दशी ते ज्येष्ठ शुद्ध पंचमी. मोजलंत तर बरोबर सात तिथ्या होतात.

चतुर्दशीला आमच्याकडे धुणं नाही, आणि माझं एकाशन. त्यामुळे त्या दिवशी कापडाला पाणी लावायचा प्रश्नच नव्हता. पंडितजींनी पोथ्या फळ्यांसकट काढून ठेवल्या होत्या. मी जुनी वेष्टनं घरी आणली, ओसरीत जुनं धोतर पसरलं आणि एकेक उलगडून नुसती बघत बसले. आई (माझ्या सासूबाई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या) खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

चौतीसपैकी अकरा वेष्टनं खारव्याची होती. खारवा म्हणजे जाड, भरड, लाल सुती कापड. हल्ली हा शब्द ऐकू येत नाही. पण जुन्या दुकानांतल्या चोपड्यांना जे लाल कापड चढवलेलं असायचं, तेच हे. चार वेष्टनं साध्या मांजरपाटाची. आणि बाकीची एकोणीस तुकडे जोडून शिवलेली! इरकली लुगड्याचे काठ, चोळीच्या खणाचे कोपरे, बारीक फुलांचं चीट, शर्टाचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, कोटाच्या आत लावतात तसलं चकचकीत अस्तर. आत दुसरा पदर जुन्या धोतराचा. चारी बाजूंनी दुमड घालून धावदोरा टाकलेला आणि एका कोपऱ्याला लांब बंद. अगदी छोटी वाकळच म्हणा ना. प्रत्येकीच्या एका कोपऱ्यावर काळ्या शाईनं नंबर.

आधी खारव्याचं सांगते, कारण त्याला मोठा इतिहास आहे. तो लाल रंग आलीच्या झाडाच्या मुळांतून यायचा. विदर्भात आणि मध्य भारतात आलीची मुद्दाम लागवड होत असे. मुळं खणून, कुटून, तुरटीवर कापड रंगवायचं. हा रंग धुऊनही जात नाही, आणि लाल कापडाला कसर लागत नाही अशी समजूत असल्यानं शास्त्रालाही तेच आणि सावकाराच्या वहीलाही तेच. मराठीत ‘आलवण’ हा शब्द आहे तोही या आलीवरूनच. ब्राह्मणांच्या घरी विधवेला जे लाल लुगडं नेसावं लागे, ते आलवण. एकाच मुळाचा रंग, एका कापडात शास्त्र गुंडाळायचं आणि दुसऱ्यात बाई. मला हे कळलं तेव्हा हातातलं वेष्टन खाली ठेवावंसं वाटलं होतं. पुढे १८६९ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी असाच लाल रंग कारखान्यात बनवायची युक्ती शोधली आणि थोड्याच वर्षांत आलीची शेती बसली. आमच्या अकरा वेष्टनांपैकी कोणतं मुळाच्या रंगाचं आणि कोणतं कारखान्याच्या, हे काही मला नुसतं बघून सांगता येणार नाही.

पण तुकड्यांची वेष्टनं माझ्या जास्त ओळखीची. आम्ही सैतवाळ. आपल्या वाचक मैत्रिणींत पंचम, चतुर्थ, कासार, खंडेलवाल, हुमड अशा सगळ्या आहेत, म्हणून सांगते. सैतवाळांची घरं मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगर या भागात जास्त. लातूरची भट्टारकांची गादी आमची. घरातली भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. आणि पिढीजात धंदा कापडाचा आणि शिवणकामाचा. इंग्रज सरकारच्या गॅझेटियरमध्ये सोलापूर-नगरकडे ‘जैन शिंपी’ अशी नोंद सापडते, ती आमचीच माणसं. कोल्हापूरच्या डॉ. विलास संगवे यांनी १९५९ साली जैन समाजाचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही सैतवाळांविषयी वाचायला मिळतं. आता आमच्यातले लोक डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, पुण्याला आयटीत आहेत, आणि ‘शिंपी’ म्हटलं की काहींना अजून कसंतरीच होतं. मला होत नाही. माझ्या सासऱ्यांनी त्याच मशीनवर चार मुलं शिकवली. ते मशीन आमच्या ओसरीत आहे आणि मी त्यावरच शिवते.

शिंप्याच्या घरात कातरण कधी टाकत नसत. गिऱ्हाइकाचं कापड बेतताना जे त्रिकोणी, लांबुडके तुकडे उरायचे, ते गिऱ्हाइकाला परत द्यायचे, आणि त्याला नको असले तरच ते घरात. मोठे तुकडे वाकळेला, मधले पिशव्यांना, अगदी चिंध्या उशीत. आणि त्यातलेच निवडक, कोरे, कुणी न वापरलेले तुकडे शास्त्राच्या वेष्टनाला. ही निवड घरातल्या बायका करायच्या. आई म्हणाल्या, “दुकानातला तुकडा आतल्या खोलीत आला की तो बायकांचा. मग त्याचं काय करायचं ते पुरुष विचारत नसत.”

कापड-दुकानावरून आठवलं म्हणून एक सांगते. आचार्य शांतिसागर महाराज मुनी होण्याआधी भोज गावात शेती करत आणि घरच्या कापड-दुकानावर बसत. त्यांच्या चरित्रात आहे की गिऱ्हाईक आलं तर ते म्हणत, हवं ते कापड तुम्हीच निवडा, तुम्हीच मोजा आणि पैसे ठेवून जा. कापडात राहूनही त्याच्याशी देणंघेणं नसलेला माणूस. पुढे त्यांनी सगळंच कापड सोडलं. त्यांच्याच एका कामाचा आजच्या विषयाशी जवळचा संबंध आहे, तो पुढे येईल.

अमावस्या आणि प्रतिपदा धुण्यात गेली. नव्या सुती कापडाला खळ असते, आणि खळ म्हणजे किड्यांना आमंत्रण. म्हणून कापड दोनदा गरम पाण्यात भिजवायचं, चोळायचं, उन्हात कडक वाळवायचं, मग शिवायला घ्यायचं. नीलही नको आणि सुवासिक पावडरही नको. पाणी अर्थात गाळलेलं. आमच्या घरी गाळण्याचं कापड अजून शास्त्रातल्या मापाचं आहे, छत्तीस अंगुळं लांब, चोवीस रुंद, आणि ते दुहेरी करून वापरायचं. ते मात्र नवंच लागतं. विरलेलं, झिरझिरीत झालेलं चालत नाही, कारण त्यातून जीव निसटतील. म्हणजे बघा, घरातलं सगळ्यांत घट्ट नवं कापड पाण्याला, सगळ्यांत जुनं मऊ कापड वाकळेला, आणि वेष्टन या दोहोंच्या मधे.

या दिवसांत घर काही थांबत नाही. नातवाला घामोळं आलेलं, कैऱ्यांचं लोणचं घालायचं राहिलेलं, पापड वाळत घातलेले आणि दुपारी ढग येऊन जाणारे. सूर्यास्ताच्या आत जेवण आटपायचं म्हणजे पाचला मशीन झाकायचं. रात्री दिव्याखाली मी शिवत नाही, डोळ्यांमुळेही आणि दिव्यावर पडणाऱ्या पाखरांमुळेही. त्यामुळे शिवायला मिळायचे दुपारचे तीन-साडेतीन तास. हात भराभर चालतो, जर कुणी हाक मारली नाही तर. पाच मिनिटं कुणी हाक मारली नाही असं अजून तरी झालेलं नाही!

द्वितीयेला मंदिरातून जुनी वही मागवून घेतली. ही वही १९५० नंतरच्या काही वर्षांतली आहे. उजवीकडे वेष्टनाचा नंबर आणि आतल्या ग्रंथाचं नाव, डावीकडे कोणता ग्रंथ कुणी स्वाध्यायाला घरी नेला त्याची नोंद. आणि त्या नोंदीत ग्रंथाचं नाव नाही. फक्त नंबर, घराचं नाव, नेल्याची तिथी आणि परत आल्याची तिथी.

इथं मला जरा थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण कमिटीत मी हेच सांगायचा प्रयत्न केला. आपल्याकडे ग्रंथाचा पत्ता हा त्याच्या कापडाचा पत्ता असतो. जयपूरचे डॉ. कस्तूरचंद कासलीवाल यांनी राजस्थानातल्या जैन शास्त्रभांडारांची ग्रंथसूची तयार केली, १९४९ पासून तिचे पाच भाग निघाले. गावोगावच्या मंदिरांत बसून हजारो पोथ्या त्यांनी पाहिल्या. त्या सूचीत प्रत्येक ग्रंथाखाली पानांची संख्या, आकार, लेखनकाळ येतो आणि शेवटी येतो तो वेष्टन क्रमांक. एखाद्या अभ्यासकाला शंभर वर्षांनी तो ग्रंथ शोधायचा असेल तर त्याच्या हातात काय आहे? कुणा बाईनं शिवलेल्या कापडावरचा आकडा. तो आकडा पुसला तर पोथी कपाटात असूनही हरवते.

नंबर चौदा आमच्या घराच्या नावावर वहीत पाच वेळा आहे. पाचही वेळा चातुर्मासात. चौदात काय आहे ते उजवीकडे पाहिलं, तर जिनसागरांचं जीवंधरपुराण, मराठी ओव्यांतलं. आईंना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, “माझ्या सासूबाई आणायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारचा शाळेत जाणारा मुलगा यायचा, त्याला गुळ-शेंगदाणे द्यायच्या आणि वाचून घ्यायच्या. विजयाराणीचं आलं की पुन्हा वाच म्हणायच्या.” विजयाराणी म्हणजे जीवंधराची आई. राजा मारला जातो, ती मयूरयंत्रात बसून निसटते आणि स्मशानात बाळंत होते. मूल दुसऱ्याच्या घरी वाढतं. आईंच्या सासूबाईंना एकविसाव्या वर्षी वैधव्य आलं होतं, पदरी सहा महिन्यांचा मुलगा. तोच पुढे मशीनवर बसला. ही गोष्ट पाच चातुर्मास त्या का ऐकत असतील, ते मी आईंना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

चौदा नंबरचं वेष्टन तुकड्यांचंच आहे. हिरवा इरकली काठ, मधे चीट. ते कुणाच्या हातचं, असं मात्र मी विचारलं. त्यांनी चष्मा लावून टाके पाहिले आणि म्हणाल्या, “तसं नाही गं सांगता येत. तेव्हा सगळ्यांचेच टाके असे असायचे.” अस्तराच्या मांजरपाटावर गिरणीचा शिक्का अर्धवट दिसतो, त्यात ‘सोलापूर’ एवढं वाचता येतं. सोलापूरची पहिली कापड-गिरणी, जिला सगळे जुनी मिल म्हणतात, ती १८७७ ची. पोथीच्या शेवटी लेखनकाळ शके १७०१ दिलाय, म्हणजे इसवी सन १७७९. तेव्हा हे वेष्टन काही पहिलं नव्हे. आधीचं विरलं असेल, कुणी नवं शिवलं असेल, त्याच्याही आधीचं असंच. लिहिणाऱ्याचं नाव पोथीत आहे, लिहवून घेणाऱ्याचं आहे, गुरूंचं आहे, गच्छ-गण सगळं आहे. शिवणारीचं नाही.

पोथीच्या शेवटच्या त्या मजकुराला प्रशस्ती म्हणतात, आणि आपला बराचसा इतिहास त्यातूनच उभा राहिलाय. डॉ. विद्याधर जोहरापूरकरांचं ‘भट्टारक संप्रदाय’ हे पुस्तक १९५८ साली सोलापूरहून जीवराज जैन ग्रंथमालेत निघालं. त्यात अशा प्रशस्ती आणि मूर्तींवरचे लेख गोळा केलेले आहेत. त्यात बायकांची नावं येतात. अमुक बाईनं ज्ञानावरणी कर्माचा क्षय व्हावा म्हणून ग्रंथ लिहवून आर्यिकेला किंवा ब्रह्मचाऱ्याला दिला, अशी. म्हणजे पैसा देणारी बाई दिसते. कर्नाटकातल्या लक्कुंडीची दानचिंतामणी अत्तिमब्बे तर सगळ्यांना माहीत आहे. हजार वर्षांपूर्वी, छपाई नसताना, तिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती करवून वाटल्या. १००७ साली तिथलं ब्रह्म जिनालय बांधलं. ही कथा ऐकताना माझ्या मनात नेहमी एक हिशेब चालतो. हजार ताडपत्रांच्या प्रतींना हजार कापडं लागली असणार. प्रत्येकी एक हात धरलं तरी हजार हात कापड! ती कुणी कातली, कुणी विणली, कुणी दुमडून शिवली?

आता मूडबिद्रीचं. धवला, जयधवला आणि महाबंध हे आपले सिद्धांतग्रंथ शतकानुशतकं मूडबिद्रीच्या बसदीत होते, जुन्या कानडी लिपीतल्या ताडपत्रांवर. यात्रेकरू जायचे, गाठोड्यांचं दर्शन घ्यायचे, हात जोडायचे, परत यायचे. वाचायला मिळत नसत. तुमच्या-माझ्या आज्या-पणज्यांपैकी जी कुणी मूडबिद्रीला गेली असेल, तिनं श्रुताचं दर्शन घेतलं म्हणजे कापडाचं दर्शन घेतलं. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी खटपट करून १८९६ च्या सुमारास नकला करायचं काम सुरू करवलं. ते दोन तपांहून जास्त चाललं. पण करार असा, की नकलाही मूडबिद्रीबाहेर न्यायच्या नाहीत.

नकला करणाऱ्यांत गजपती उपाध्याय नावाचे पंडित होते. त्यांनी गुपचूप आणखी एक कानडी प्रत करून घरी ठेवली. आणि हे लक्षात ठेवा मैत्रिणींनो, त्या कामात मोठा हात होता तो त्यांच्या पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा. त्या स्वतः विदुषी होत्या, आणि हे ग्रंथ लोकांनी वाचावेत अशी त्यांची तळमळ होती. धवलाच्या पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत डॉ. हिरालाल जैन यांनी हे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. ती प्रत घेऊन उपाध्याय आधी सोलापूरला आले, पण हिराचंद शेठजींनी ती ठेवून घेतली नाही. शब्द मोडलेली प्रत घरात कशी ठेवायची, असा त्यांचा पेच असणार. अखेर ती सहारनपूरला लाला जंबूप्रसादांकडे गेली. तिथं देवनागरी नक्कल झाली, त्या नकलेचीही एक चोरटी नक्कल झाली, आणि तिच्यावरून गावोगाव प्रती पोचल्या. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या हिरालालजींनी १९३९ साली धवलाचा पहिला भाग छापला, त्यात आपल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये मदतीला होते. सोळा भाग व्हायला वीस वर्षं लागली.

गुपचूप नक्कल करणं बरोबर की चूक, यावर पाठशाळेत एकदा माझा आणि पंडितजींचा चांगला अर्धा तास वाद झालाय. अचौर्य व्रत आहे, मान्य. पण याच मूडबिद्रीच्या ताडपत्रांचा काही भाग किड्यांनी खाल्ला होता. महाबंधाचा बराच अंश असा नष्ट झाल्याचं शांतिसागर महाराजांना कळलं, तेव्हा ते फार अस्वस्थ झाले, आणि त्यांच्या प्रेरणेनं हे सिद्धांतग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरले गेले. ते ताम्रपट फलटणला आहेत. मधल्या काळात लक्ष्मीबाईंनी कापड सोडून पानं उघडली नसती तर काय झालं असतं, याचा विचार ज्याचा त्यानं करावा. मी माझ्या बाजूची आहे.

तृतीयेला कमिटीतले अण्णा घरी आले. मी त्यांना म्हटलं, नवी वेष्टनं मी करतेच आहे, पण जुन्या नंबरचा कोपरा कापून प्रत्येक नव्या वेष्टनावर आतल्या बाजूनं लावते. नवे नंबर वर राहू देत, जुने आत. अण्णा एकदम म्हणाले, “सूनबाई, शास्त्राला ठिगळ? अभिषेकाला फाटकं, जोडलेलं, शिवलेलं वस्त्र चालत नाही, आणि तुम्ही शास्त्रावर ठिगळ लावणार?”

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पूजेचं धोतर-दुपट्टा अखंडच लागतो. पण तो नियम पूजा करणाऱ्याच्या अंगावरच्या वस्त्राचा. आपल्याच परंपरेत क्षुल्लकांच्या अंगावर जे असतं त्याला खंडवस्त्र म्हणतात. डोकं झाकलं तर पाय उघडे राहावेत एवढंच ते. आर्यिकांना सोळा हातांची एकच साडी. तुकडा हा काही अपमान नाही आपल्याकडे. आणि शंभर वर्षं ज्या एकोणीस तुकड्यांच्या वेष्टनांत पोथ्या राहिल्या, त्यांच्यासमोर आपले वाडवडील गंधोदक लावून हात जोडतच होते की. आईंनी मधेच विचारलं, “अण्णा, तुमच्या आईच्या लुगड्याचा काठ यात निघाला तर काढून टाकायचा का?” अण्णांनी चहा घेतला. आमच्याकडचा चहा ते सहसा घेत नाहीत, साखर जास्त असते म्हणून.

एका बाबतीत मात्र मी स्वतःच कात्री चालवली. दोन वेष्टनांत रेशमाचे तुकडे होते, एक शालूचा आणि एक पुरुषांच्या कदाचा असावा. पूर्वी आजूबाजूच्या सोवळ्याच्या रीतीनं आपल्याही घरांत कद नेसत. आमच्या घरीही होता. पण एका साडीला हजारो कोश, आणि प्रत्येक कोशात जिवंत किडा असताना तो उकळत्या पाण्यात. अहिंसेचं शास्त्र त्यात गुंडाळायचं, हे मला पटत नाही. ते तुकडे उसवून वेगळ्या पुरचुंडीत ठेवले, कुणाचे तरी असतील म्हणून फेकले नाहीत. आईंना हे फारसं आवडलं नाही. त्यांच्या मते ज्या बाईनं आपल्या लग्नाच्या शालूचा तुकडा दिला, तिनं जवळचं सगळ्यांत चांगलं दिलं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

चतुर्थीच्या संध्याकाळी चौतीस पुरी झाली. कमिटीनं शेवटी असं ठरवलं, की नंबरचा जुना तुकडा आतून लावायला हरकत नाही, वही शास्त्रभांडारातच राहील आणि तिचीही फोटो-प्रत निघेल. जुन्या वेष्टनांपैकी जी धड आहेत ती एका पेटीत राहतील. सात अगदी विरली होती, हात लावला की सुटत होती. ती कुठं ठेवायची यावर निर्णय व्हायचाय. तोवर ती आमच्याच कपाटात आहेत. पंचमीला शास्त्राची पालखी निघाली, सरस्वती-पूजन झालं. दुपारी पहिला वळीव आला. पोथ्या ऊन दाखवून पावसाआधी आत जाव्यात, याच बेतानं ही तिथी आली आहे असं मला दरवर्षी वाटतं.

कुणाला आपापल्या मंदिरासाठी करायची असतील तर माप सांगते. पोथीच्या लांबीच्या अडीचपट बाजूचा चौकोन घ्या, म्हणजे चारी कोपरे आत दुमडून वर एक पदर उरतो. कापड साधं सुती, खळ काढलेलं, दुहेरी. बंद कापडाचाच, दीड हात लांब, एका कोपऱ्याला. बटण, चेन, वेलक्रो नको, पानांवर खूण पडते. बांधताना घट्ट, पण करकचून नाही. डांबराच्या गोळ्या घालू नका. वेखंडाचे वाळवलेले तुकडे पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, पानांना लागू देऊ नका, आणि दरवर्षी बदला. जुनं वेष्टन झटकताना मऊ कुंचल्यानं, हलक्या हातानं, सावलीत. आणि नंबर शाईनं लिहायचा असेल तर आधी कोपऱ्याच्या तुकड्यावर लिहून, वाळवून, मग तो तुकडा जोडा.